विंडोज टाकताना संगणक मध्येच का कोसळतो

घरी सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक विंडोज टाकताना मध्येच बंद पडला, की पहिला संशय पेन ड्राइव्हवर जातो. मग दुसरा पेन ड्राइव्ह, पुन्हा उतरवलेली आयएसओ फाइल, विंडोज अकराऐवजी दहा आणि शेवटी वैतागून उबुंटू असा क्रम सुरू होतो, आणि संगणक दर वेळी तितक्याच निष्ठेने कोसळतो. गल्लीतला दुरुस्तीवाला मात्र अशा वेळी पेन ड्राइव्हकडे बघतही नाही. तो कॅबिनेटची बाजू उघडतो, रॅम काढतो, तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसतो आणि पुन्हा बसवतो. हा उपाय अर्धवट असला तरी त्यामागचा अंदाज बरोबर असतो. ऑपरेटिंग सिस्टीम टाकणे ही नव्या यंत्राची पहिली खरी परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत बहुतेक वेळा सॉफ्टवेअरऐवजी हार्डवेअर नापास झालेले असते.

संगणक सुरू होऊन बायोसचा पडदा दिसला म्हणजे सगळे ठीक आहे, असा समज होतो. बायोसला रॅमचा जेमतेम एक कोपरा लागतो, प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो आणि डिस्कशी ‘आहेस का’ एवढीच विचारपूस होते. विंडोज टाकायला घेतले की चित्र पालटते. पेन ड्राइव्हवरच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये एकच भली मोठी फाइल असते आणि विंडोजच्या हजारो फाइली तिच्यात दाबून बसवलेल्या असतात. इन्स्टॉलर ही फाइल वाचतो, प्रोसेसरकडून ती उलगडून घेतो, उलगडलेला माल रॅममध्ये ठेवतो, फाइलसोबत नोंदवलेल्या हॅशशी, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या तपासणीच्या आकड्याशी, तो ताडून पाहतो आणि मग एसएसडीवर लिहितो. इन्स्टॉलर स्वतःही रॅममध्येच राहत असतो. पेन ड्राइव्हवरून एक छोटे विंडोज उचलून रॅममध्ये ‘एक्स’ नावाची डिस्क उभी केली जाते आणि सगळा कारभार तिथून चालतो. यूएसबी, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क हे चौघे एकाच वेळी सलग वीस-पंचवीस मिनिटे राबतात, असा प्रसंग नव्या यंत्रावर पहिल्यांदाच आलेला असतो.

यातली दाबलेली फाइल उलगडण्याची पायरी सर्वांत नाजूक असते. साध्या मजकुरात एक अक्षर चुकले तर ‘कमळ’चे ‘कमल’ होते आणि वाचक पुढे सरकतो. दाबलेल्या मजकुरात शब्दांऐवजी बऱ्याच ठिकाणी सूचना असतात: इतकी अक्षरे मागे जा, तिथली इतकी अक्षरे उचल आणि इथे ठेव. सूचनेतला एक आकडा चुकला की तिथून पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि हॅश जुळत नाही. मग इन्स्टॉलर ‘आवश्यक फाइली टाकता येत नाहीत’ असे सांगून थांबतो. शेवटी ८००७०५७० किंवा ८००७०२५डी असलेले कोड याच जातीचे. त्यांचा अर्थ ‘फाइल खराब आहे’ असा दिला जातो आणि माणूस पुन्हा फाइल उतरवायला बसतो. प्रत्यक्षात पेन ड्राइव्हवरची फाइल शाबूत असून रॅममध्ये पोचताना किंवा तिथे पडून असताना तिच्यातला एखादा बिट उलटलेला असू शकतो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात भाग बदलून करू नये. आधी कागद-पेन घेऊन यंत्र कुठे कोसळते ते टिपावे. एकच इन्स्टॉल कोणताही बदल न करता तीनदा चालवावे. तीनही वेळा ते ३७ टक्क्यांवरच अडकले, तर दोष ठराविक जागी आहे: पेन ड्राइव्हवरचा खराब भाग, अपुरी उतरलेली फाइल, एसएसडीचा खराब पट्टा किंवा ठराविक टप्प्यावर जागा होणारा एखादा ड्रायव्हर. पहिल्यांदा ३७ टक्के, मग ६१, मग १२, कधी ब्लू स्क्रीन तर कधी नुसतेच गोठणे असा प्रकार असेल, तर दोष रॅम, प्रोसेसर, उष्णता किंवा वीज यांपैकी कुठेतरी आहे. बिघडलेली फाइल दर वेळी त्याच जागी बिघडलेली असते. जागा बदलते ती डळमळीत हार्डवेअरची.

हा नियम जुना आहे. १९९० च्या दशकात लिनक्स वापरणारे लोक कर्नल स्वतः कंपाइल करत आणि जीसीसी हा कंपायलर मध्येच ‘सिग्नल ११’ असे म्हणून मरे. दोष कंपायलरच्या माथी मारला जाई. त्यावर जाणत्यांचा सल्ला असे, की तीच आज्ञा पुन्हा द्या. या वेळी कंपायलर त्याच फाइलवर मेला तर दोष सॉफ्टवेअरचा आणि ती फाइल पार करून पुढच्या एखाद्या फाइलवर मेला तर दोष हार्डवेअरचा, बहुधा रॅमचा.

ठराविक जागी अडकणाऱ्या इन्स्टॉलची उकल सोपी असते. उतरवलेल्या आयएसओचा एसएचए-२५६ हॅश काढून तो अधिकृत पानावरच्या हॅशशी जुळवावा. पेन ड्राइव्ह नामांकित आणि खरा असावा. बाजारात १२८ जीबी असे छापलेले पण आत त्याच्या पावपटही जागा नसलेले ड्राइव्ह मिळतात, आणि भरलेल्या जागेपुढचे लिखाण ते गुपचूप गिळतात. एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ही लबाडी उघडी पडते. पेन ड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावू नये. तिथून मदरबोर्डपर्यंत एक लांब आणि अनेकदा हलकी केबल जाते. मागचा, थेट मदरबोर्डावरचा पोर्ट वापरावा. साटा डिस्क असेल तर केबल बदलून पाहावी. इतर सगळ्या डिस्क काढून ठेवाव्यात. त्या लावलेल्या असल्या तर विंडोज एखादे वेळी स्वतः नव्या डिस्कवर बसते आणि बूटचा भाग जुन्या डिस्कवर टाकते. मग जुनी डिस्क काढली की यंत्र उठत नाही.

दोन प्रकार क्रॅशसारखे वाटतात पण क्रॅश नसतात. पहिल्या रीस्टार्टनंतर संगणक पुन्हा पेन ड्राइव्हवरूनच सुरू झाला, तर इन्स्टॉल पहिल्यापासून सुरू झाल्याचा भास होतो. बूटच्या क्रमात डिस्क वर आणली किंवा त्या क्षणी पेन ड्राइव्ह काढला की काम पुढे जाते. दुसरा प्रकार म्हणजे अकराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल यंत्रांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे डिस्क हाताळणारी व्हीएमडी ही सोय चालू असते. एक तर ती बायोसमध्ये बंद करावी लागते किंवा तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरला पुरवावा लागतो.

जागा बदलून कोसळणाऱ्या यंत्रात पहिला संशयित रॅम, आणि त्यातही खराब रॅमपेक्षा जास्त वेगाने पळवलेली रॅम. खोक्यावर ‘३६००’ छापलेली डीडीआर४ रॅम मुळात त्या वेगाची नसते. मदरबोर्ड तिला आपणहून २१३३, २४०० किंवा २६६६ या प्रमाणित वेगांपैकी एका वेगावर १.२ व्होल्टला चालवतो. ३६०० हवे असतील तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावे लागते आणि मग व्होल्टेज साधारण १.३५ पर्यंत चढते. एएमडीच्या डीडीआर५ यंत्रांत याच सोयीला एक्स्पो म्हणतात. ही सोय एका बटणावर मिळते म्हणून ती निर्धोक वाटते, पण ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. रॅम तो वेग पेलते याची परीक्षा रॅमच्या कंपनीने घेतलेली असते. घरातला प्रोसेसर आणि मदरबोर्ड तो पेलतील, याची हमी कोणी दिलेली नसते. रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरांना एएमडीची अधिकृत मान्यता ३२०० पर्यंतच आहे. रायझन ७००० वर डीडीआर५ च्या चार स्टिक भरल्या तर अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो, मग खोक्यावर ६००० छापलेले असो. त्यामुळे चारही स्लॉट भरून, एक्स्पो चालू करून, लगेच विंडोज टाकायला बसणे म्हणजे सराव न करता थेट घाट चढायला घेणे.

पहिली कृती त्यामुळे फुकटची आहे: बायोसमध्ये जाऊन सगळ्या सेटिंग मूळपदावर आणाव्यात, म्हणजे एक्सएमपी आपोआप बंद होते. बायोसपर्यंतही पोचता येत नसेल तर वीज काढून मदरबोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, काही मिनिटे बाहेर काढून ठेवावी. इतक्यावर इन्स्टॉल सुरळीत झाले तर दोष सापडला. एक्सएमपी नंतर पुन्हा चालू करून पाहता येते, आणि तेव्हा यंत्र अडखळले तर ३६०० चा हट्ट सोडून ३२०० वर समाधान मानावे. फरक रोजच्या वापरात जाणवत नाही.

यानंतरही यंत्र कोसळत असेल तर रॅम तपासावी. त्यासाठी विंडोज लागत नाही. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हे मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होतात आणि रॅमच्या प्रत्येक घरात ठराविक नक्षी लिहून ती परत वाचतात. १६ जीबीत सुमारे १३,७४४ कोटी बिट असतात, म्हणून एक फेरी व्हायलाच तासभर किंवा अधिक लागतो. निदान चार फेऱ्यांसाठी तपासणी रात्रभर चालू ठेवणे बरे. सकाळी पडद्यावर एखादी लाल ओळ दिसते. तिच्यात पत्ता असतो, लिहिलेले मूल्य असते आणि वाचलेले मूल्य असते. दोन्ही मूल्ये शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडली की बहुधा एकाच अक्षराचा फरक निघतो: ३२ बिटांतले ३१ जुळलेले आणि एक उलटलेला. ‘एकच तर चूक आहे’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. या तपासणीत उत्तीर्ण होण्याचा आकडा शून्य आहे.

चूक सापडली तरी दोष स्टिकचा की स्लॉटचा हे ठरायचे असते. चार स्लॉटांच्या बहुतेक मदरबोर्डांत एकटी स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात बसवायची असते आणि जोडी दुसऱ्या व चौथ्या स्लॉटात. आधी एकच स्लॉट कायम ठेवून स्टिक पाळीपाळीने तपासाव्यात. मग निर्दोष ठरलेली स्टिक घेऊन स्लॉट पाळीपाळीने तपासावेत. चूक स्टिकमागे गेली तर स्टिक वाईट. ती एखाद्या स्लॉटापाशीच राहिली तर मदरबोर्ड, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. एका पिनेपायी रॅमचा अख्खा चॅनल आंधळा होऊ शकतो. दुरुस्तीवाल्याचे खोडरबर इथे खरोखर कामाचे असते, कारण टोकांवरची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा संपर्क बिघडवतो. फक्त घासल्यावर रबराचा भुगा स्लॉटात जाऊ देऊ नये. डीडीआर५ च्या यंत्रात स्टिक हलवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहतो. त्या वेळात मदरबोर्ड रॅमशी वेळेचे गणित जुळवत असतो. घाबरून बटण दाबले की ते गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ब्लू स्क्रीनवरचे नाव यात थोडीच मदत करते. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ ही नावे चोराची नसतात. चोरी जिथे उघडकीला आली त्या घराची असतात. दर वेळी वेगळे नाव येते, हीच खरी खूण. अपवाद ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’चा. ही तक्रार हार्डवेअरने स्वतःच वर कळवलेली असते, म्हणून ती आली की सॉफ्टवेअरचा विचार सोडून प्रोसेसर, त्याचे व्होल्टेज आणि तापमान यांच्याकडे वळावे.

प्रोसेसर सहसा बिघडत नाही, हा समज बऱ्याच अंशी खरा आहे, पण पुरता नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाख घरगुती संगणकांच्या क्रॅशच्या नोंदी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. आठ महिन्यांत प्रोसेसरचे किमान ३० दिवसांचे काम भरलेल्या यंत्रांत दर १९० पैकी एक यंत्र प्रोसेसरच्या दोषाने कोसळले होते. त्याहून बोलका आकडा पुढचा: एकदा असे कोसळलेल्या यंत्रांत पुन्हा कोसळण्याची शक्यता ३.३ मध्ये एक होती. ‘एकदा झाले, आता होणार नाही’ या आशेला या आकड्यांत आधार सापडत नाही. मुद्दाम कमी वेगाने चालवलेली यंत्रे ठरलेल्या वेगाच्या यंत्रांपेक्षा स्पष्टपणे अधिक टिकाऊ ठरली, हेही त्याच अभ्यासात दिसले.

ताजे उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे. त्यांतले काही वरच्या दर्जाचे प्रोसेसर हळूहळू डळमळीत होऊ लागले. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डावर चिडत. कार्डाचा त्यात काहीच दोष नव्हता. गेमच्या दाबलेल्या फाइली उलगडताना प्रोसेसर चुकत होता. विंडोज टाकताना जी पायरी नाजूक, तीच इथेही पहिली मोडली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो, हे इंटेलने मान्य केले, ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायोस अद्ययावत करून मिळते, पण झिजलेला प्रोसेसर तिने बरा होत नाही. या पिढ्यांचा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेतला असेल तर विंडोज टाकण्याआधी बायोस अद्ययावत करावा. एरवीही तसे करणे हिताचे असते, कारण दुकानात पडून असलेल्या मदरबोर्डाचा बायोस अनेकदा प्रोसेसरपेक्षा वयाने मोठा निघतो.

उष्णतेचा दोष ओळखायला सोपा असतो: यंत्र दर वेळी साधारण तितक्याच मिनिटांनी बंद होते, आणि थंड होऊ दिले तर पुन्हा तेवढेच चालते. बायोसमध्ये तापमान दिसते. तिथे ४०-५० अंश असले तर काळजी नाही. आकडा बघता बघता ८०-९० कडे सरकत असेल तर कूलर नीट बसलेला नाही. नवशिक्यांच्या हातून कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म तशीच राहून जाते. इंटेलसोबत मिळणाऱ्या कूलरला चार खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबायची असते, आणि कर्णरेषेत समोरासमोरच्या दोन एका वेळी. एखादी खुंटी वरून बसल्यासारखी दिसते, पण मदरबोर्ड उलटा करून पाहिला की तिची काळी टोके छिद्रातून पुरती बाहेर आलेली नसतात. त्या कोपऱ्यात कूलर केसभर उचललेला राहतो आणि तेवढी फट पुरते.

एकाएकी दिवा गेल्यासारखे यंत्र बंद झाले किंवा ब्लू स्क्रीन न येता थेट रीस्टार्ट झाले, तर उष्णतेबरोबर एसएमपीएसचाही, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचाही, विचार करावा. मात्र वॅट कमी पडल्याचा आळ इथे बहुधा खोटा असतो. विंडोज टाकताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेले असते, त्यामुळे गेम खेळताना अपुरा पडणारा एसएमपीएसही इन्स्टॉल सहज निभावतो. इन्स्टॉलमध्येच वीज तुटत असेल तर एसएमपीएस खरोखर सदोष आहे, किंवा प्रोसेसरजवळची आठ पिनांची जोडणी अर्धवट बसली आहे. बारा व्होल्टच्या वाहिनीवर पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. बायोसमधला आकडा याबाहेर गेला तर दुसरा एसएमपीएस मागून आणून पाहावा. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर सॉकेटला अर्थिंग नाही. इन्स्टॉल कोसळण्याचे कारण ते क्वचितच असते, पण वायरमनला बोलावण्याचे नक्कीच असते.

लोगो दिसून पडदा काळा होणे हा ग्राफिक्सचा प्रश्न. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डाला जोडावा. उबुंटूत यासाठी सुरुवातीच्या मेनूतच ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय असतो. फाइली डिस्कवर टाकून झाल्यावर, रीस्टार्टनंतर ‘उपकरणे तयार होत आहेत’ या टप्प्यावरच विंडोज पडत असेल, तर ड्रायव्हर जागे होत असतात. वाय-फाय कार्ड, कॅप्चर कार्ड, यूएसबीवरची सगळी लटांबरे काढून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवावा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर यंत्र कॅबिनेटमधून बाहेर काढावे. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक, एक एसएसडी आणि एसएमपीएस एवढेच जोडावे आणि पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून यंत्र सुरू करावे. बाहेर सुरळीत चालणारे यंत्र आत कोसळत असेल, तर मदरबोर्डाखाली आधारासाठी लावलेला पितळेचा एखादा स्टँडऑफ नको त्या जागी उभा असतो आणि मागच्या बाजूच्या जोडण्यांना टेकत असतो. बाहेरही कोसळत असेल तर उरलेले भाग एकेक करून बदलायचे. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि प्रत्येक बदलानंतर कागदावर नोंद करायची, नाहीतर तीन तासांनी काय बदलले होते ते कोणालाच आठवत नाही.

दोष सापडून दूर झाल्यावर आधीच्या एखाद्या प्रयत्नात कसेबसे पुरे झालेले विंडोज तसेच ठेवण्याचा मोह होतो. ते पुसून डिस्क फॉरमॅट करून पुन्हा टाकावे. डळमळीत रॅमवरून लिहिलेल्या फाइलींत कुठला बिट उलटून डिस्कवर बसला हे बाहेरून दिसत नाही, आणि तो दोन महिन्यांनी एखाद्या अपडेटच्या वेळी वर येतो. सदोष स्टिक हमीत बदलून मिळते. अनेक कंपन्या रॅमला आजीवन हमी देतात. रॅम जोडीने घेतली असेल तर सहसा दोन्ही स्टिक परत मागितल्या जातात, कारण जोडी एकत्र तपासून विकलेली असते. तेव्हा चांगली स्टिकही खोक्यात घालावी आणि बिल सोबत ठेवावे.